फटफटीचा हिशेब आणि हिशेबाची फटफटी

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर आपण तासन्‌तास बोलतो आणि ते बोललेच पाहिजे. आज मात्र मांडवाबाहेर जी रांग लागली आहे तिच्याबद्दल बोलायचे आहे. एसटीने आलेल्या बाया आणि काही म्हातारी मंडळी सोडली तर आपण सगळे फटफटीवर आलो. बैलजोडी विकली गेली, गोठे रिकामे झाले, पण फटफटी नाही असे घर आता गावात शोधावे लागते. त्यात वाईट काही नाही. प्रश्न एवढाच आहे की ही गाडी एक किलोमीटर पळते तेव्हा आपल्या खिशातून किती पैसे जातात?

हा प्रश्न विचारला की सगळीकडे एकच उत्तर मिळते. "लिटरला साठ देते जी." हे झाले पेट्रोलचे. बैलाच्या ढेपीचा खर्च सांगितला म्हणजे बैलाचा खर्च झाला का? बैल विकत घेताना पैसे गेले होते, तो म्हातारा होतो, त्याला दावे लागते, नाल लागते, औषध लागते. फटफटीचेही तसेच आहे.

सोपे आकडे धरून करून पाहू. तुमचे आकडे वेगळे असतील, ते घालून पुन्हा करा. गाडी रस्त्यावर येईपर्यंत ८०,००० रुपये लागले. आठ वर्षे वापरून २०,००० ला विकली. म्हणजे ६०,००० रुपये झिजले. वर्षाला ६,००० किलोमीटर, म्हणजे रोजचे सरासरी सोळा धरले, तर आठ वर्षांत ४८,००० किलोमीटर झाले. झीज पडली किलोमीटरला सव्वा रुपया. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि साठची सरासरी धरली तर पावणेदोन रुपये. ऑइल, चेन, टायर, ब्रेक, पंक्चर मिळून वर्षाला ३,६०० धरा, ते साठ पैसे. विमा आणि पीयूसीचे वर्षाला १,२०० धरा, ते वीस पैसे. गाडी कर्जावर घेतली असेल तर व्याजाचे आणखी पंचेचाळीस पैसे, ते कसे ते पुढे सांगतो. सगळी बेरीज सव्वाचार रुपये. मागे माणूस बसला तर माणशी सव्वादोन रुपयांच्या आत.

तालुक्याचे गाव चोवीस किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन ४८ किलोमीटर, म्हणजे २०४ रुपये. आपण मात्र म्हणतो, "शंभराचे पेट्रोल टाकले अन् जाऊन आलो." उरलेले शंभर रुपये दिसत नाहीत म्हणून ते गेले नाहीत असे होत नाही.

वर्षाचे ६,००० किलोमीटर गुणिले सव्वाचार म्हणजे २५,५०० रुपये. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये होता. म्हणजे सव्वातीन क्विंटलहून जास्त कापूस ही गाडी खाते. संकरित ज्वारीत मोजायचे तर ३,६९९ च्या हमीभावाने जवळजवळ सात क्विंटल. कोरडवाहू एकराला चार-पाच क्विंटल कापूस झाला तर आपण बरे वर्ष म्हणतो. तेव्हा पाऊण एकराची पऱ्हाटी पेरली, निंदली, फवारली, वेचली ती या गाडीसाठी, आणि त्यात लागवडीचा खर्च अजून धरलेलाच नाही.

गाडी विका असे आम्ही म्हणत नाही. रात्री साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात पोहोचवते तेव्हा तिचा किलोमीटरचा भाव कोणी काढत बसत नाही, आणि बसूही नये. वेचणीच्या बाया कमी पडल्या तर शेजारच्या गावी सकाळी सातला जाऊन सांगता येते, हेही बैलगाडीच्या काळात नव्हते. आमचे म्हणणे एवढेच, की जी वस्तू पाऊण एकर खाते तिचा हिशेब पाऊण एकराच्या पिकाइतका तरी ठेवावा.

कर्जाची गाडी

आता व्याजाचे. चुकारा हातात आला, दुकानात गेलो, २०,००० भरले आणि ६०,००० चे कर्ज झाले. दुकानातला माणूस सांगतो, "काका, फक्त बारा टक्के. तीन वर्षे. महिन्याला २,२६७." बारा टक्के ऐकून आपण खूश होतो. त्याने काय केले ते पाहा. ६०,००० वर बारा टक्क्यांनी वर्षाला ७,२००, तीन वर्षांचे २१,६००. ते मुद्दलात मिळवले आणि छत्तीसने भागले. पण तुम्ही तर दर महिन्याला मुद्दल फेडत चालला आहात. दुसरे वर्ष संपत आले तेव्हा तुमच्याकडे ६०,००० बाकी नाहीत, तरी व्याज ६०,००० वरच चालू आहे. याला सपाट व्याज म्हणतात. बँक ज्या घटत्या शिलकीवर व्याज मोजते त्या पद्धतीने खरे बारा टक्के असते तर हप्ता १,९९३ च्या आसपास आला असता आणि तीन वर्षांचे व्याज पावणेबारा हजार झाले असते. सपाट बारा टक्के म्हणजे घटत्या शिलकीवर एकवीस टक्क्यांहून थोडे जास्तच. यात बेकायदा काही नाही, कागदावर सगळे लिहिलेले असते. विचारायचे एकच वाक्य आहे: "घटत्या शिलकीवर किती टक्के, ते सांगा." उत्तर द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्या टेबलावरून उठायचे.

दुसरी गोष्ट हप्त्याच्या तारखेची. नोकरदाराचा पगार महिन्याला येतो म्हणून त्याचा हप्ता महिन्याला असतो. आपला पगार दिवाळीनंतर येतो आणि होळीपर्यंत संपतो. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरचे हप्ते कुठून भरणार? खत आणि फवारणी याच महिन्यांत असते. खात्यात पैसे नसले की हप्ता परत जातो, त्याचा दंड बँक लावते आणि कर्ज देणाराही लावतो. म्हणून गाडी घ्यायचीच असेल तर चुकाऱ्यातून मोठी रक्कम आधी भरा, कर्ज लहान आणि मुदत कमी ठेवा, आणि पावसाळ्याच्या तीन-चार हप्त्यांचे पैसे त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. नाहीतर चांगली जुनी गाडी रोखीत घ्या. जुनी घेताना नावावर करून घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या हव्यात. गाडीवर कर्ज होते का ते आरसी बुकावर पाहा, असेल तर फॉर्म ३५ आणि कर्ज देणाऱ्याचा ना-हरकत दाखला हवा.

कोणती घ्यावी हे सगळे विचारतात. पूर्वी राजदूत आणि येझदी होत्या, टू-स्ट्रोक, पेट्रोल पिणाऱ्या. १९८५ साली हिरो होंडाची सीडी-१०० आली आणि फोर-स्ट्रोक १०० सीसीचे युग सुरू झाले. आमचे मत आजही तेच आहे. शंभर-एकशेदहा सीसीच्या वर जायचे कारण कोरडवाहू शेतकऱ्याला नाही. पोराला दीडशे सीसी हवी असते हे आम्हाला ठाऊक आहे. पण टायर रुंद, सुटे भाग महाग, सरासरी कमी, हे त्याने स्वतः कमावून भरावे.

गाडी घेताना आधी चेनकव्हर पाहा, ते पूर्ण बंद हवे, धुरळा चेनला लवकर खातो. किक हवीच, बटण स्टार्टवर अवलंबून राहू नका. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांना बहुतेक कार्बोरेटर नाही, इंधन इंजेक्शनने जाते, आणि बॅटरी पार उतरली तर किक मारूनही गाडी कुरकुर करते. तेव्हा बॅटरीकडे लक्ष ठेवा. काळ्या मातीत मडगार्ड आणि टायर यांच्यात चिखल दाबून बसतो आणि चाक जाम होते, म्हणून फट जास्त असलेली गाडी बरी. आणि पंक्चर काढणारा, वायसर बदलणारा माणूस तुमच्या गावात किंवा शेजारच्या गावात त्या गाडीला हात लावतो का, ते आधी त्यालाच विचारा. दुकानदार गाडी एकदा विकतो, मिस्त्री ती आठ वर्षे चालवतो.

ओझे वाहायचे असेल, दुधाचे कॅन, भाजी, ढेपेचे पोते, तर मोटरसायकलपेक्षा टीव्हीएस एक्सएल-१०० कडे पाहा. गिअर नाही, पाय ठेवायची जागा सपाट, मागची सीट काढता येते. पोरे तिला हसतात, धंदा करणारे हसत नाहीत. विजेवरची स्कूटर ज्याचा रोजचा फेरा ठरलेला आणि थोडा आहे, घरी वीज बेताची का होईना पण रोज येते, त्याने जरूर पाहावी. इतरांनी जवळपास तिचा मिस्त्री तयार होईपर्यंत थांबावे.

एक सूचना. फवारणीचे औषध आणि भाकरीचा डबा एका डिक्कीत ठेवू नका. हे सांगावे लागते, कारण आम्ही ते पाहतो.

आणि विम्याचे नीट ऐका. सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीचा तिसऱ्या पक्षाचा विमा पाच वर्षांचा काढावाच लागतो. त्यामुळे आपण पाच वर्षे निश्चिंत होतो. पण तो विमा आपल्या गाडीखाली आलेल्याच्या नुकसानीचा आहे. गाडीच्या मालकाचा स्वतःचा अपघात विमा १५ लाखांचा असतो, तो बऱ्याचदा एकाच वर्षाचा काढलेला असतो आणि दुसऱ्या वर्षी संपतो, कोणाला कळतही नाही. शिवाय लायसन नसेल तर त्याचा दावा चालत नाही. आज घरी गेल्यावर कागद काढून त्या ओळीपुढची तारीख वाचा. घरातला कमावता माणूस रस्त्यावर गेला तर बाईच्या हातात काय राहणार, ते त्या तारखेवर आहे.

नोंद कशात ठेवायची

आता दुसरा भाग. हा सव्वाचार रुपयांचा आकडा आम्ही धरलेला आहे. तुमचा खरा आकडा काढायचा तर नोंद हवी. नोंद म्हटले की दोन प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणतो, "माझ्या डोक्यात सगळे आहे." दुसरा म्हणतो, "पोराला कॉम्प्युटर घेऊन देतो, मग ठेवू." दोघांचीही नोंद होत नाही.

कॉम्प्युटरच्या बाबतीत वारणेचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९९८ साली वारणानगरच्या साखर कारखान्याच्या परिसरातली सुमारे सत्तर गावे कॉम्प्युटरने जोडण्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला. गावोगाव केंद्रे झाली. शेतकऱ्याला शेतीची सगळी माहिती कॉम्प्युटरवर मिळेल असे बोलले गेले. पुढे काही वर्षांनी संशोधकांनी जाऊन पाहिले, तर ती यंत्रे मुख्यतः साध्या नोंदींसाठी वापरली जात होती. आपला ऊस किती टन भरला, खत किती उचलले, एवढेच शेतकऱ्याला हवे होते. मग त्यांनी सात गावांत कॉम्प्युटरच्या जागी साधा मोबाइल ठेवला. एसएमएस पाठवायचा, उत्तरात आकडा यायचा. काम भागले आणि खर्चही कमी आला. ऊसवाल्यांची गोष्ट आहे, पण कापूसवाल्याला तंतोतंत लागू पडते. काम काय आहे ते आधी ठरवा, यंत्र नंतर.

आपले काम काय? पैसे गेले कुठे, आले कुठून, कोणाकडे किती बाकी. बस्स. याला शंभर पानी वही आणि घरात असलेला मोबाइल पुरतो. मोबाइलमध्ये रकान्यांचा तक्ता करण्याचे प्रोग्रॅम फुकट मिळतात. गूगल शीट्स आहे, आणि कोणाकडे जुना कॉम्प्युटर असेल तर त्यावर लिबरऑफिस आहे. अशा तक्त्याचा पहिला प्रोग्रॅम, व्हिसिकॅल्क, १९७९ साली निघाला तो छोट्या धंद्याच्या बेरजा खोडरबराशिवाय करता याव्यात म्हणूनच. एक आकडा बदलला की खालची बेरीज आपोआप बदलते, यापेक्षा जास्त जादू त्यात नाही आणि लागतही नाही.

तक्त्यात सहा रकाने करा. तारीख, कशासाठी, कोणते शेत किंवा पीक, गेले, आले, आणि शेरा. एक व्यवहार, एक ओळ. इथे लोक काय चुकतात ते सांगतो. रकमेच्या रकान्यात "५०० रुपये" असे लिहितात. मग तो प्रोग्रॅम त्याला आकडा समजत नाही, अक्षरे समजतो आणि बेरजेत धरत नाही. मराठी अंक टाकले तरी बहुधा तेच होते. तिथे नुसता आकडा, इंग्रजी अंकात. दुसरे, एकदा "खत" लिहायचे, एकदा "खते", एकदा "युरिया". मग खताची बेरीज तीन ठिकाणी फुटते. आठ-दहा नावे वहीच्या पहिल्या पानावर ठरवून लिहा आणि तीच वापरा. एवढे केले की "सम-इफ" नावाच्या सूत्राने खताचे एकूण, मजुरीचे एकूण एका क्षणात निघते. दहावी झालेली कोणतीही पोरगी हे एका दुपारी शिकते आणि मग बापाला शिकवते. व्याजाचा खरा दर काढायला त्याच प्रोग्रॅममध्ये "रेट" नावाचे सूत्र आहे. कंसात आधी महिने, मग हप्ता उणे चिन्ह लावून, मग कर्जाची रक्कम, मध्ये स्वल्पविराम. येईल त्याला बाराने गुणा. मघाचे एकवीस टक्के असेच काढले आहेत.

फटफटीसाठी वेगळे पान करा. तारीख, मीटरचा आकडा, आणि कशासाठी गेलो: शेत, बाजार, कचेरी-बँक, दवाखाना, लग्नकार्य, इतर. एवढेच. आमच्यातल्या ज्यांनी हे लिहिले त्यांचा अनुभव असा की शेताचे आणि बाजाराचे किलोमीटर वाटले होते त्याहून कमी निघतात, आणि कचेरीचे जास्त. आधार जुळत नाही, ई-केवायसी अडली, सर्व्हर बंद, साहेब मीटिंगला. एका कामाला तीन चकरा म्हणजे ६१२ रुपये, दिवस बुडाले ते वेगळे. आणि फॉर्म मोफत होता! २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयला कापूस घालायचा तर "कपास किसान" या मोबाइल अॅपवर नोंदणी करावी लागली. ज्याच्या घरी मोबाइल चालवणारे कोणी होते त्याचे काम ओट्यावर बसून झाले, ज्याच्या घरी नव्हते तो पेट्रोल जाळत गेला. बाजाराचेही तसेच. भाव विचारायला अडत्याला फोन करता येतो, त्याच्यासाठी २०४ रुपयांची चक्कर मारू नये. कापसाचा नमुना दाखवून ओलावा मोजून घ्यायला जायचे असेल तर जरूर जावे, कारण आठ टक्क्यांच्या वर भाव कापतात आणि बारा टक्क्यांच्या वर सीसीआय घेत नाही. ट्रॅक्टर भाड्याने नेऊन परत आणण्यापेक्षा फटफटीची एक फेरी स्वस्त.

ज्यांचा जोडधंदा आहे, मळणीयंत्र भाड्याने देतात, बचत गटाची डाळमिल आहे, शेळ्या आहेत, कृषी सेवा केंद्र आहे, त्यांना दोन शब्द. कोणीतरी येतो आणि "जीएसटीचे सॉफ्टवेअर घ्या, नाहीतर नोटीस येईल" असे सांगतो. आपण जमीन कसून पिकवलेला माल विकतो त्यासाठी जीएसटी नोंदणी लागत नाही. मालाच्या धंद्यात वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत, भाड्यासारख्या सेवेत २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे लागत नाही. दुकान मोठे असेल, शेतकरी कंपनी असेल, तर टॅलीसारखे काही लागेल आणि ते जाणणारा माणूसही लागेल. मळणीयंत्रवाल्याला लागते ती उधारीची यादी, नाव, एकर, रक्कम, जमा. प्रोग्रॅम घेताना मिस्त्रीची कसोटी इथेही लावा. विकणारा माणूस उद्या फोन उचलेनासा झाला तर माझी वही मला उघडता येईल का? येत नसेल तर ती वही तुमची नाही, त्याची आहे. काही अॅप पहिले वर्ष फुकट देतात आणि दुसऱ्या वर्षी तुमच्याच उधारीच्या यादीला कुलूप घालून पैसे मागतात.

मोबाइल विहिरीत पडतो, पोर गेम खेळताना पुसून टाकते. म्हणून महिन्याच्या शेवटी तक्ता स्वतःच्याच ईमेलवर पाठवा आणि एकूण बेरजा कागदाच्या वहीत शाईने उतरवा. पावत्यांचे फोटो व्हॉट्सअॅपवर टाकून ठेवणे म्हणजे नोंद नव्हे. बियाण्याची आणि औषधाची मूळ पावती पिशवीत ठेवा, उगवले नाही तर पंचनाम्याला तीच लागते.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? सरकार हमीभाव ठरवते तेव्हा खर्चाचे तीन आकडे असतात. पदरचा खर्च तो ए-टू, त्यात घरच्यांची मजुरी मिळवली की ए-टू अधिक एफएल, आणि जमिनीचा खंड, भांडवलाचे व्याज धरले की सी-टू. २०१८-१९ पासून दीडपट म्हणतात ती मधल्या आकड्याची. हे आकडे नमुन्यादाखल निवडलेल्या शेतकऱ्यांच्या नोंदींवरून काढतात. आपण मेळाव्यात उभे राहून म्हणतो, हा आकडा खोटा आहे. समोरचा साहेब विचारतो, मग तुमचा खरा आकडा दाखवा. तेव्हा डोक्यातला हिशेब टेबलावर ठेवता येत नाही. एका जिल्ह्यातून दोनशे घरांच्या वह्या, तारखेसह, मीटरच्या आकड्यासह, पावतीसह पुढे आल्या तर त्याला त्या बाजूला सारणे जड जाईल. कचेरीच्या चकरांचे किलोमीटर त्यात आले तर बरेच जड जाईल.

तेव्हा आज निघताना गाडीला किक मारण्याआधी मीटरचा आकडा पाहून ठेवा आणि घरी गेल्यावर वहीच्या पहिल्या ओळीत लिहा. वही विकत घ्यायची गरज नाही, पोराच्या जुन्या वहीची कोरी पाने चालतील. पुढची बैठक पहिल्या वेचणीनंतर आहे. ज्यांना मोबाइलवर तक्ता करायचा आहे त्यांनी त्या दिवशी तासभर आधी यावे, घरातल्या शिकलेल्या मुलीला किंवा सुनेला सोबत आणावे. बाईमाणसाला एसटीत अर्धे तिकीट आहे, आणि फटफटीवर दोघे आलात तर तो खर्च "इतर"मध्ये लिहा.